ठोकताळा आणि ठप्पा

अनुभवी सिस्टरचा ठोकताळा आणि तिनेच मारलेला ठप्पा ऐकायला सारखेच वाटतात. ‘गडचिरोलीकडची माणसं दुखणं बोलून दाखवत नाहीत’ हे वाक्य दोन्ही असू शकतं. त्यानंतर ती काय करते, त्यावर सगळं ठरतं.

नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली-भंडाऱ्यापासून पार छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. मराठी, हिंदी, गोंडी, माडिया, सगळं एकाच वॉर्डात. नाइटला प्रत्येकाची कुंडली मांडायला वेळ कुठला? मग मन आडवाट धरतं. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली अशा आडवाटांबद्दल लिहिलं, की त्या एरवी कामाच्या असतात, पण चुकल्या की ठरावीक तऱ्हेनेच चुकतात. तेव्हा ‘अंदाज बांधूच नका’ हा उपदेश वॉर्डात फुकट आहे.

ठोकताळा वापरणारी सिस्टर ‘दुखते का?’ एवढ्यावर थांबत नाही. त्यावर ‘नाही जी’ हे अदबीचं उत्तर येणार, हे तिला ठाऊक असतं. ‘बाबाजी, कुठं दुखते, बोट ठेवून दाखवा,’ म्हणते. कूस बदलायला लावते, तेव्हा चेहरा बघते, रात्री झोप लागली का ते नातवाकडून काढून घेते. ठप्पा मारणारी ‘ही माणसं सांगतच नाहीत’ म्हणून विचारत नाही, आणि कागदावर वेदना शून्य.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हे जास्त महागात पडतं. विदर्भात तो बराच आढळतो, काही आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये अधिक. म्हणून रक्त कमी, सांधे दुखतात, डोळे पिवळे अशा मुलाच्या घरच्यांची चौकशी करणं हा चांगला ठोकताळा. पण आडनाव ‘त्यातलं’ नाही म्हणून तपासणीच न सुचवणं हा ठप्पा. जनुक आडनाव वाचत नाही.

माझ्या मते याहून घातक ठप्पा बसतो तो निदान झालेल्या रुग्णावर. मे महिन्याच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा तीव्र झटका, उठू शकतो. असह्य दुखत असूनही नाडी, बीपी नेहमीसारखे असू शकतात आणि वेदना मोजणारी रक्ततपासणी नाही. पोरगा मोबाइल बघतोय म्हणजे ‘नाटकं करतो, इंजेक्शन पाहिजे त्याला’. दुसऱ्या टोकाला, ‘याचं नेहमीचंच’ म्हणून सोडून दिलेलं छातीतलं दुखणं. त्यासोबत ताप, धाप आणि घसरता ऑक्सिजन असेल तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांना लगेच बोलवायला हवं.

ठप्पा पसरतो तो ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्ण सोपवताना. ‘बेड चारचा जरा जास्तच करतो’ एवढं कानावर पडलं की पुढची पाळी त्याच्याकडे त्याच नजरेने बघते. त्याऐवजी असं सांगता येतं: ‘बेड चार, सिकलसेल. दहापैकी आठ दुखतंय म्हणतो, चेहरा शांत. दोन वाजता इंजेक्शन दिलं, तीनला सहावर आलं. श्वास आणि ऑक्सिजन बघत राहा.’