बिनतारी ब्रॉडबँडची सुरक्षा

बिनतारी ब्रॉडबँडमध्ये माहिती रेडिओलहरींवरून जाते आणि लहरी दुकानाच्या उंबऱ्यापाशी थांबत नाहीत. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या खानावळीतला राउटर बाहेरच्या बोळातही ऐकू येतो. चोरून ऐकणाऱ्याला तार कापावी लागत नाही, जवळ उभे राहिले तरी पुरते. म्हणून अशा जाळ्याला दोन वेगळी कामे करावी लागतात: जोडणारा कोण हे तपासणे, म्हणजे प्रमाणीकरण, आणि मजकूर तिऱ्हाइताला उलगडणार नाही असा करणे, म्हणजे कूटलेखन. या दोन्हींची गल्लत फार होते. कूटलेखन भक्कम आणि ओळख कच्ची असेल, तर माहिती व्यवस्थित झाकून चोराच्याच हाती पोचते.

वाय-फायची पहिली सुरक्षापद्धत ‘वेप’ 1997 ची. तिच्यात माहितीच्या प्रत्येक पाकिटासोबत, म्हणजे तुकड्यासोबत, 24 बिटांचा बदलता आकडा जाई. असे आकडे सुमारे 1.68 कोटीच होतात. वर्दळीच्या जाळ्यात ते लवकर संपून पुन्हा तेच येऊ लागत. फ्लुरर, मँटिन आणि शामीर या कूटलेखनतज्ज्ञांनी 2001 मध्ये तिच्या किल्लीच्या, म्हणजे मजकूर झाकणाऱ्या-उलगडणाऱ्या गुप्त आकड्याच्या, रचनेतली मोठी चूक दाखवली. 2003 चे ‘डब्ल्यूपीए’ ही जुन्या यंत्रांसाठीची डागडुजी होती. 2004 च्या ‘डब्ल्यूपीए 2’ने एईएस हे कूटलेखन आणले आणि ते आजही अभेद्य मानले जाते. 2017 मध्ये संशोधक मॅथी व्हॅनहोफ यांनी ‘क्रॅक’ हल्ला दाखवला, तोही एईएसवर नव्हता. वापरलेली किल्ली पुन्हा बसवायला लावणारी फट जोडणीच्या संवादात होती. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर ती बुजली.

खरी दुखरी जागा सामाईक पासवर्डची आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांच्या सोयीसाठी लॉज किंवा खानावळ भिंतीवर पासवर्ड लावते. हेतू चांगलाच असतो. पण डब्ल्यूपीए 2 मध्ये प्रत्येक फोनची तात्पुरती किल्ली तयार होते ती हाच पासवर्ड, जाळ्याचे नाव, दोन्ही यंत्रांचे पत्ते आणि दोन यादृच्छिक आकडे यांतून. पासवर्ड सोडून बाकी सगळे हवेत उघडे असते. ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याने जोडणीच्या वेळी फोन आणि राउटर यांच्यात जाणारे चार निरोप टिपले आहेत, तो शेजारच्या टेबलावरच्या फोनची किल्ली काढू शकतो.

पासवर्ड ठाऊक नसला तरी टिपलेले निरोप घरी नेऊन अंदाज लावत बसता येते. आपल्याकडे पुष्कळ जण स्वतःचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवतात. भारतीय मोबाइल क्रमांक 6 ते 9 ने सुरू होतात, म्हणजे शक्यता 400 कोटी. ताकदवान ग्राफिक्स कार्डाला ती यादी संपवायला फार तर काही तास लागतात. तीन-चार असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड याहून कितीतरी बरा. 2018 च्या ‘डब्ल्यूपीए 3’मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते, आणि पासवर्ड नंतर फुटला तरी आधी टिपलेला मजकूर उलगडत नाही.

महाविद्यालय, रुग्णालय किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसारख्या मोठ्या आवारात एकच पासवर्ड ठेवणे चूकच. तिथे प्रत्येकाला वेगळे नाव-पासवर्ड देऊन मध्यवर्ती सर्व्हरकडून तपासणी करतात. सर्व्हरनेही आपली ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र दाखवायचे असते. फोनने ‘विश्वास ठेवू का?’ विचारल्यावर न वाचता ‘हो’ दाबले, की त्याच नावाच्या बनावट जाळ्याला दार उघडते.

गगनबावडा, राधानगरीसारख्या डोंगरी भागात तार पोचत नाही तिथे सिमवर चालणारा राउटर कामी येतो. सिममधली गुप्त किल्ली कार्डाबाहेर कधीच जात नाही: जाळे एक यादृच्छिक आकडा पाठवते, कार्ड त्यावरून उत्तर काढून देते. जुन्या 2जीमध्ये फक्त फोनची तपासणी होई, टॉवरची नाही. बनावट टॉवरचे फावले ते त्यामुळे. 3जीपासून दोन्ही बाजू एकमेकांना पारखतात. 5जीमध्ये ग्राहकाचा कायमचा क्रमांकही झाकून पाठवण्याची सोय आहे.

वाय-फायचे कूटलेखन राउटरपर्यंतच असते. पुढच्या वाटेवर संकेतस्थळाचे किंवा बँकेच्या अ‍ॅपचे स्वतःचे कूटलेखन मजकूर झाकते. कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे मात्र राउटर चालवणाऱ्याला बहुधा दिसतेच.