ड्रॅग स्ट्रिपवर आपली मस्टँग: कागदपत्रं, तपासणी आणि ९.९९ ची मेख

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींना एके काळी इंग्लिशटाउनची स्ट्रिप, म्हणजे पाव मैल सरळ रेषेत गाड्या पळवायची ड्रॅग रेसिंगची धावपट्टी, अगदी जवळ होती. २०१८ मध्ये तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं. आता मस्टँग, चॅलेंजरसारख्या दणकट गाड्या घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या मेपल ग्रोव्हसारख्या ठिकाणी जावं लागतं. जरूर जा, पण नियम वाचून.

‘टेस्ट अँड ट्यून’च्या, म्हणजे हौशी लोकांनी आपली गाडी पळवून बघायच्या, दिवशी लांबलचक अर्ज नसतो. गेटवर फी भरा, वेव्हरवर (धोका पत्करल्याच्या कागदावर) सही करा, टेक कार्ड (गाडीच्या तपासणीचं कार्ड) भरा. चालू ड्रायव्हिंग लायसन्स जवळ हवंच, आणि अठराच्या आतल्यांना पालकांची लेखी संमती लागते. मग गाडी तपासणीच्या रांगेत लावायची. बॅटरी घट्ट बसलेली, चाकांचे नट पूर्ण, टायर धड, कुठे गळती नाही, एवढं बघतात. फुल पँट आणि बंद बूट घाला. चपला घालून आलेल्याला कोणी रेसला सोडत नाही.

खरी मेख पुढे आहे. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेचे नियम गाडीची हॉर्सपॉवर विचारत नाहीत, पाव मैलाला किती सेकंद लागले ते विचारतात. १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आली की स्नेल या सुरक्षा संस्थेनं प्रमाणित केलेलं हेल्मेट. ११.४९ पासून खाली रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारी पोलादी कमान. आणि ९.९९ किंवा त्याहून जलद, किंवा ताशी १३५ मैलांच्या वर गेलात, तर रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा पूर्ण पोलादी पिंजरा), चासीचं (गाडीच्या सांगाड्याचं) प्रमाणपत्र आणि स्पर्धेचं लायसन्स. त्या लायसन्ससाठी अर्जासोबत डॉक्टरी तपासणीचा फॉर्म लागतो, शिवाय परवानाधारक ड्रायव्हरांसमोर चाचणीच्या फेऱ्या मारून त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात.

नव्या गाड्यांना मात्र सवलत आहे. २००८ आणि त्यानंतरची कारखान्यातून आली तशीच असलेली गाडी १०.०० सेकंद आणि ताशी १३५ मैलांपर्यंत रोल बारशिवाय पळवता येते. एअरबॅग आणि एबीएस चालू हवेत. म्हणजे हौसेनं मागची सीट काढली, एअरबॅग काढून रेसिंगचं स्टिअरिंग बसवलं, की सवलत गेली. २०१४ नंतरच्या गाड्यांसाठी ही मर्यादा ९.०० आणि १५० मैलांपर्यंत वाढवली आहे, पण त्याच्या अटी निराळ्या, तेव्हा निघण्याआधी स्ट्रिपच्या टेक विभागाला फोन करून विचारा.

कंपनीनं विकली म्हणजे चालणारच, असं समजू नका. २०१८ ची डॉज डेमन ९.६५ सेकंदांत पाव मैल कापायची, आणि त्या वेळच्या नियमांनुसार केज नाही म्हणून एनएचआरएनं तिला अडवलं. २०२३ ची डेमन १७० तर ८.९१ सेकंद, १५१ मैल. वाढवलेल्या मर्यादेतही ती बसत नाही.

साधे रस्त्यावरचे टायर असतील तर बर्नआउटच्या (टायर जागच्या जागी फिरवून तापवायच्या) पाण्यात शिरू नका, बाजूनं वळसा घाला. खाचांमध्ये अडकलेलं पाणी थेट स्टार्ट लाइनवर सांडतं आणि मागचे लोक चिडतात. आणि विम्याची पॉलिसी घरीच काढून वाचा: बहुतेकांत रेसिंगमधलं नुकसान धरलेलं नसतं.