खोक्यातली चुनखडी

नागपुरात ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यांना गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर नवा नाही. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि विरघळलेलं कॅल्शियम चुनखडी होऊन चिकटतं. कागद कारखान्यातही असाच थर धरतो, फक्त तिथे क्षार जमिनीतून कमी आणि रद्दीतून जास्त येतात. त्यांना पाण्यात उतरवतात जिवाणू.

संत्री भरायचं पुठ्ठ्याचं खोकं बहुधा रद्दीपासूनच बनतं. त्या रद्दीत खोक्याचे थर चिकटवणारी स्टार्चची खळ असते, तशीच छपाईच्या कागदात घातलेली चुनखडीची पूडही. लगदा करताना स्टार्च पाण्यात उतरतो, जिवाणू तो खाऊन आम्लं तयार करतात आणि आम्लात चुनखडी विरघळते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम भारतीय मानकाला मान्य आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या कारखान्यात ते हजारापर्यंत चढू शकतं. म्हणजे पाणी जितकं वाचवावं, तितके क्षार वाढतात!

हे सांडपाणी आधी हवाबंद टाकीत जातं. तिथले जिवाणू एक ते तीन मिलिमीटरचे दाणे करून राहतात आणि आम्लांचा मिथेन करतात. एक किलो सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं ऑक्सिजनवरून काढलेलं माप) घटला की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, तो बॉयलरला चालतो. पण आम्लं संपली की कॅल्शियमला विरघळून राहणं जमत नाही. चुनखडी दाण्यांवरच बसते, दाणे दगडासारखे जड होतात आणि आतल्या जिवाणूंपर्यंत अन्न पोचेनासं होतं. उरलेलं कॅल्शियम पुढच्या टाकीत, जिथे हवा सोडून पाणी आणखी साफ करतात, तिथल्या हवेच्या नळ्यांची छिद्रं बुजवतं.

मला यातला उपाय फार आवडतो, कारण त्यात चुना किंवा सोडा टाकायची गरज फारशी उरत नाही. चुनखडी बनायला लागणारं बायकार्बोनेट जिवाणूंनीच पाण्यात भरपूर करून ठेवलेलं असतं. दोन टाक्यांच्या मध्ये एक वेगळी टाकी घेऊन जोरात हवा सोडायची. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि चुनखडी जिथे हवी तिथेच खाली बसते. हे मऊ झालेलं पाणी थोडं मागे वळवलं, तर हवाबंद टाकीत शिरणारं कॅल्शियमही पातळ होतं. पुढच्या टाकीत हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना मात्र युरिया आणि फॉस्फरस वरून द्यावा लागतो. कागदाच्या पाण्यात दोन्ही तुटपुंजे.

अडचण वासाची. त्या हवेबरोबर हायड्रोजन सल्फाइडही बाहेर पडतो, त्यामुळे ही टाकी झाकून तिची हवा धुऊनच सोडावी लागते.