पार्श्वभूमी: पॉली स्टायरिन आणि एक्स-रे स्पेक्सचा सॅक्सोफोन

एक्स-रे स्पेक्स या लंडनच्या पंक बँडची गायिका पॉली स्टायरिन हिच्याविषयी काहीही लिहायला घेतलं की गाडी सप्टेंबर १९७७ च्या एकाच तबकडीवर येऊन थांबते. ‘ओ बॉन्डेज अप युअर्स!’ची सुरुवात सर्वांना पाठ आहे. आधी शाळकरी पोरीच्या गोड आवाजात बोललेलं एक वाक्य, मग छाती फोडून आलेली आरोळी, मग आकडे मोजणं आणि लगेच सॅक्सोफोन. ही तबकडी ब्रिटिश चार्टमध्ये आलीच नव्हती हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. पुढच्या वर्षी निघालेल्या बँडच्या एलपीच्या (पूर्ण अल्बमची मोठी तबकडी) मूळ आवृत्तीतही हे गाणं नव्हतं. म्हणजे ज्या एका गाण्यावर तिची सगळी कीर्ती उभी केली जाते, ते त्या काळच्या सर्वसाधारण ब्रिटिश श्रोत्याच्या कानावर फारसं पडलेलं नव्हतं. त्याला ती ठाऊक होती ती १९७८ च्या तीन हिट गाण्यांमुळे आणि टीव्हीवरच्या दातांच्या तारांमुळे.

मॅरियन जोन एलियट-सईद हे तिचं मूळ नाव. जन्म ३ जुलै १९५७, ब्रॉम्ली. वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची आणि वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी. वाढली ब्रिक्स्टनमध्ये. पंधराव्या वर्षी खिशात तीन पौंड घेऊन घरातून निघाली आणि लिफ्ट मागत संगीत महोत्सव पालथे घालू लागली. पायात गंजका खिळा घुसून जंतुसंसर्ग रक्तात गेला तेव्हा ही भटकंती संपली. १९७६ मध्ये मारी एलियट या नावाने तिने रेगे या जमैकन संगीताच्या वळणाची एक तबकडी काढली. ती चालली नाही. मात्र पुढच्या गाण्यांत मधूनच जो रेंगाळणारा, मागे रेलणारा ठेका ऐकू येतो, तो कुठून आला याचा माग या न चाललेल्या तबकडीत लागतो.

३ जुलै १९७६ ला, म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवशी, तिने हेस्टिंग्जच्या धक्क्यावर सेक्स पिस्तल्स या पंक बँडचा कार्यक्रम पाहिला. त्यानंतर संगीत साप्ताहिकात जाहिरात देऊन तिने माणसं जमवली. पॉली स्टायरिन हे स्वतःचं नाव (पॉलिस्टायरिन हे एक प्लास्टिक) शोधलं ते टेलिफोन खात्याच्या पिवळ्या पानांमध्ये, प्लास्टिकच्या मालाच्या सदरात. हलकं, स्वस्त, वापरून फेकून द्यायचं. पॉपस्टार म्हणजे तेच, हा तिचा हिशेब होता. किंग्ज रोडवरच्या ब्यूफर्ट मार्केटमध्ये तिचा एक छोटा स्टॉल होता आणि तिथे प्लास्टिकचे दागिने, भडक रंगाचे मोजे असला माल मिळायचा. स्टेजवरचे कपडे त्याच चवीचे. त्यामुळे पुढे ‘प्रतिमा कोणी घडवली’ असा प्रश्न जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा हा स्टॉल आधी आठवावा. मॅनेजर भेटल्यावर ठरवलेलं हे काही नव्हतं.

आता सॅक्सोफोन. सिनेमातल्या गाण्यांतून आपल्या कानांवर सॅक्सोफोन पडतो तो मऊ, संध्याकाळचा. इथे तो तसा नाही. या बँडमध्ये गिटार तालाचं काम करते, सरळ रेटून वाजणारे बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेले स्वरसमूह). मुखडा आणि मधले तुकडे, म्हणजे एरवी लीड गिटारकडे जाणारं काम, सॅक्सोफोनकडे आहे. आणि तो वाजवणारी मुलगी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, शाळेत जाणारी.

गिटारच्या बँडमध्ये सॅक्सोफोन बसवणं दिसतं तेवढं सोपं नाही. गिटारवाल्यांना ई आणि ए या पट्ट्या सोयीच्या, कारण मोकळ्या तारा तिथे कामी येतात. सॅक्सोफोन मात्र पट्टी बदलून वाचायचं वाद्य आहे, म्हणजे वादक ज्या नावाचा स्वर वाजवतो त्याहून ऐकू येणारा स्वर वेगळा असतो. बँड ई मेजरमध्ये असला तर आल्टो (लहान, उंच सुराचा सॅक्सोफोन) वाजवणाऱ्याला सी शार्प (चढा सी) मेजर वाजवावी लागते, म्हणजे सातही स्वर चढलेले. ए मध्ये असला तर एफ शार्प, म्हणजे सहा चढे. टेनर (त्याहून मोठा, खालच्या सुराचा) घेतला तर ई साठी एफ शार्प आणि ए साठी बी, म्हणजे सहा आणि पाच. या पट्ट्यांमध्ये डाव्या हाताच्या करंगळीला दम खाता येत नाही, कारण जी शार्प, खालचा सी शार्प, बी आणि बी फ्लॅट या चारही चाव्या त्या एकाच बोटाखाली आहेत. गाणं या गतीचं असलं की बोट एका चावीवरून दुसरीवर घसरतं आणि मध्येच नको तो स्वर निसटतो. म्हणून शहाणा वादक तीन-चार स्वरांचाच तुकडा निवडतो, तो घट्ट धरतो आणि पुन्हा पुन्हा फेकतो. एक्स-रे स्पेक्सच्या तुकड्यांचा आटोपशीरपणा ऐकताना हे गणित ध्यानात ठेवावं. त्याला नुसतं ‘येत नव्हतं म्हणून साधं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरी अडचण गळ्याची. स्त्रीचा ताणून लावलेला आवाज आणि सॅक्सोफोनचा मधला पट्टा साधारण एकाच कंपनसंख्येच्या भागात येतात. दोन्ही एकदम सुटले की छोट्या क्लबच्या स्पीकरमधून शब्द कळत नाहीत, नुसता कर्कश गोळा बाहेर येतो. माइकचा आवाज वाढवावा तर तोच माइक ड्रम आणि सॅक्सोफोन ओढून घेतो आणि शिट्टी सुरू होते. यावरचा उपाय मांडणीत असतो: ओळ संपली की सॅक्सोफोनने शिरायचं, ओळ सुरू होताना बाजूला व्हायचं, आणि दोघांनी एकत्र जायचंच असेल तर ध्रुवपदात, जिथे शब्द आधीच पाठ झालेले असतात. १९७७ च्या सुरुवातीला कोव्हेंट गार्डनमधल्या रॉक्सी क्लबात ध्वनिमुद्रित झालेल्या आणि त्याच जूनमध्ये निघालेल्या संकलनात या बँडचं ‘ओ बॉन्डेज’ आहे. बँडच्या अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमांपैकी तो एक. तिथे या दोघी एकमेकींच्या अंगावर धावून जाताना ऐकू येतात. सप्टेंबरच्या स्टुडिओ आवृत्तीत जागा वाटून घेतलेल्या आहेत. काही महिन्यांत केवढा फरक पडला, हे दोन्ही लागोपाठ ऐकल्यावरच कळतं.

आणि याच टप्प्यावर त्या मुलीला बँडमधून बाजूला केलं गेलं. कारणाबद्दल आजही एकमत नाही. शाळा आणि बँड एकत्र जमेना, अशी एक हकिगत सांगितली जाते. दुसरी अशी की वृत्तपत्रांचं लक्ष दोन मुलींमध्ये विभागलं जात होतं आणि ते कोणालातरी खुपत होतं. कोणाला, यावर पुन्हा फाटे फुटतात. गायिकेला, असं काही म्हणतात. बँडचा मॅनेजर हाच ध्वनिमुद्रणाचा निर्माता होता, आणि ज्या घरात दोन्ही किल्ल्या एकाकडे असतात तिथे शेवटचा शब्द कोणाचा चालतो हे वेगळं सांगायला नको, असं मला वाटतं. पण एकोणीस-वीस वर्षांच्या गायिकेने विरोध केला होता असाही पुरावा समोर येत नाही, हेही नोंदवायला हवं.

वादाचा खरा गाभा तिच्या जाण्यापेक्षा नंतर जे घडलं त्यात आहे. नवा वादक आला आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘जर्म-फ्री अडोलेसन्ट्स’ ही एलपी निघाली. त्यातली कितीतरी गाणी आधीपासून स्टेजवर वाजत होती आणि सॅक्सोफोनच्या ओळी त्या मुलीने बसवलेल्या साच्यावर उभ्या होत्या. श्रेय मात्र नाही. इथे व्यवहाराची बाजू नीट पाहावी लागते. गाण्याच्या हक्कात शब्द आणि गळ्याची चाल धरली जाते, आणि ती पॉली स्टायरिनची होती यात शंका नाही. मधला वाद्याचा तुकडा म्हणजे ‘मांडणी’, आणि मांडणी करणाऱ्याला प्रकाशनाच्या रॉयल्टीत वाटा देण्याची पद्धत नाही, आधी लिहून घेतला असेल तरच. उरतो वादकाचा वाटा, तो प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्याला जातो. म्हणजे ज्याने तुकडा रचला पण तबकडीवर वाजवला नाही तो दोन्ही खिडक्यांवरून रिकाम्या हाताने परततो. कागदावर यात कोणीच काही चुकीचं केलेलं नसतं. गॅरेजमध्ये बसून एकत्र गाणी रचणाऱ्या बँडांनी पहिल्याच तालमीनंतर एका कागदावर कोणी काय केलं ते लिहून खाली सह्या घ्याव्यात हा सल्ला म्हणूनच दिला जातो, आणि तरीही कोणी पाळत नाही.

नवा वादक वाईट नव्हता. सुराला पक्का, तुकडे स्वच्छ. पण पहिलीच्या वाजवण्यात स्वर जरा वर सरकलेला, कडेला फाटलेला असायचा, आणि गायिकेचा आवाजही तसाच. दोन फाटक्या कडा एकमेकींवर घासल्या की जी ठिणगी पडते ती एलपीवर कमी आहे. त्या बदल्यात एलपीत व्यवस्था आली, आणि हिट गाणी त्या व्यवस्थेतूनच निघाली. ‘द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो’ २३ व्या क्रमांकापर्यंत गेलं, ‘आयडेंटिटी’ २४, आणि एलपीचं शीर्षकगीत १९. एलपी स्वतः ३० व्या क्रमांकापर्यंत. शीर्षकगीत तर संथ आहे, स्वच्छतेच्या वेडाने पछाडलेल्या मुलीविषयी, आणि ‘पंक म्हणजे वेग’ असं म्हणणाऱ्यांची तिथेच पंचाईत होते. ‘डे-ग्लो’ गाण्यात नायलॉन, परस्पेक्स, ॲक्रिलिक, रेयॉन, लेटेक्स अशी मालाची यादीच आहे. उपदेश कुठेही नाही, दुकानातला फलक वाचावा तशी ती वाचते.

जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. ‘डे-ग्लो’ केशरी प्लास्टिकवर छापली होती, ‘आयडेंटिटी’ गुलाबी. चमकणारे फ्लुरोसंट रंग अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश परत टाकतात, पण त्याच किरणांनी ते झपाट्याने विटतात. म्हणून असल्या शाईचं पोस्टर वा वेष्टण खिडकीसमोर लावलं की रंगातला जोर जातो. शिवाय तबकडी पीव्हीसीच्या मऊ पिशवीत वर्षानुवर्षं ठेवली तर पिशवीतलं मऊ करणारं द्रव्य पाझरतं आणि पृष्ठभागावर दुधी धुकं चढतं. ते पुसून जात नाही, आणि सुई फिरली की खरखर ऐकू येते. पॉलिथिनचं आतलं आवरण घालून उभ्या ठेवाव्यात.

कोणी मला मादक वगैरे ठरवू पाहिलं तर डोकं भादरेन, असं पॉली म्हणत असे. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वंशवादविरोधी मोठा मोर्चा आणि मैफल झाली, गर्दीचे आकडे ऐंशी हजारांपासून लाखापर्यंत सांगितले जातात, तिथे ती मुंडण करून उभी राहिली. त्याआधी न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये पंधरवडाभराचे कार्यक्रम झाले होते. दिवसाला दोन-दोन खेळ, झोप नाही, सतत मुलाखती. तिच्यासारखा आवाज लावणाऱ्या गळ्याला विश्रांती न मिळाली तर स्वरतंतू सुजतात, हे शिकवायला त्या काळी त्या वर्तुळात कोणी नव्हतं. पण आधी कोसळलं ते मन.

डॉनकास्टरच्या कार्यक्रमानंतर तिला खिडकीबाहेर गुलाबी प्रकाशाचा गोळा दिसला, वस्तूंना हात लावला की चटचट आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया ठरवून रुग्णालयात दाखल केलं आणि पुन्हा काम करता येणार नाही असं सांगितलं. निदान चुकीचं होतं. बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार) असल्याचं १९९१ मध्ये ठरलं, म्हणजे मधली तेरा वर्षं चुकीच्या नावाखाली गेली. १९७९ मध्ये तिने बँड सोडला आणि तो तिथेच संपला. बाहेरच्या लोकांनी याला ‘यशाला घाबरली’ म्हटलं. रुग्णालयात दाखल झाल्याच्या तारखा पाहिल्या की ते म्हणणं टिकत नाही.

१९८० मध्ये ‘ट्रान्सल्युसन्स’ हा शांत, जवळजवळ जॅझकडे झुकलेला एकल अल्बम आला आणि समीक्षकांनी नाकं मुरडली. १९८३ च्या सुमारास ती हरे कृष्ण संप्रदायात गेली आणि लंडनबाहेरच्या भक्तिवेदान्त मॅनरमध्ये राहिली. ती सॅक्सोफोनवाली मुलगीही त्याच संप्रदायात आलेली होती. आपल्याकडच्या वाचकाला हा योगायोग गोड वाटेल, पण त्याचं फळ ठोस आहे: १९९५ मध्ये एक्स-रे स्पेक्स या नावाने ‘कॉन्शस कन्झ्युमर’ निघाला आणि त्यात दोघी एकत्र होत्या. त्याचे कार्यक्रम गावोगाव करायच्या आत पॉलीला आगीच्या बंबाने धडक दिली आणि सगळं बारगळलं. ६ सप्टेंबर २००८ ला लंडनच्या राउंडहाउसमध्ये जुनी एलपी पुन्हा वाजली. मार्च २०११ मध्ये ‘जनरेशन इंडिगो’ आला, आणि २५ एप्रिलला कर्करोगाने ती गेली, ५३ व्या वर्षी.

त्यानंतर नाव मोठं होत गेलं. एलपी अमेरिकेत मुळात निघालीच नव्हती, ती तिथल्या दुकानांत नव्वदच्या दशकातच पोहोचली, तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पियाभोवती मुलींच्या बँडांची रायट गर्ल लाट आलेली होती. कॅसेटवर कॅसेट उतरवत ‘ओ बॉन्डेज’ तिथे आधीच गेलं होतं. गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या या संगीतात कृष्णवर्णीय मुलंमुली आपली वंशावळ शोधू लागली तेव्हा पहिल्या नावांत तिचं नाव आलं. पॉलीच्या मुलीने सहलेखिकेसह २०१९ मध्ये चरित्र लिहिलं, २०२१ मध्ये माहितीपट आला. या सगळ्यात उचललं गेलं ते मुख्यतः आरोळी, तारा लावलेले दात, कपडे आणि वंशाची गोष्ट. सॅक्सोफोन जवळजवळ कोणीच उचलला नाही. एक कारण वर आलंच: ई आणि ए च्या पट्टीत तो छळतो. दुसरं असं की चांगला वापरलेला आल्टोही गिटारपेक्षा महाग पडतो, आणि चाव्यांखालचे पॅड झिजून हवा गळू लागली की खालचे स्वर लागतच नाहीत. ते बदलायला कारागीर लागतो, घरी स्क्रूड्रायव्हरने भागत नाही.

आजच्या बहुतेक पुनर्मुद्रणांत ‘ओ बॉन्डेज’ एलपीच्या गाण्यांबरोबरच जोडलेलं असतं, त्यामुळे सलग ऐकणाऱ्याला वाटतं की सॅक्सोफोन एकाच हातचा आहे. तसं नाही. ‘ओ बॉन्डेज’ आणि त्याच्या मागच्या बाजूचं ‘आय ॲम अ क्लिशे’ या दोन्हींवर पहिली मुलगी आहे, एलपीच्या बारा गाण्यांवर दुसरा वादक. कानाने ओळखायचं तर तुकड्याचा शेवटचा स्वर ऐकावा. पहिलीचा वर सरकत फाटतो, दुसऱ्याचा जागच्या जागी सरळ थांबतो.