साताऱ्यातला ‘देवाचा दरबार’ आणि उपासनेतला हरवलेला आनंद

सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज... गाव कोणतंही असो, रविवारची उपासना आटोपून मंडळी आवारात रेंगाळली की एक विषय हमखास निघतो: उपासनेत जीव राहिला नाही. तरुण संघाला ड्रम हवाय, गिटार हवंय, टाळ्या वाजवायच्या आहेत. ज्येष्ठांना वाटतं, अशाने देवाच्या घराचा मान जाईल. पाळकसाहेब दोघांच्या मध्ये सापडतात. या वादात दोन्हीकडचे लोक एक गोष्ट न तपासताच धरून चालतात. संथ, गंभीर उपासना ही मूळची आणि आनंदाने गाणं-वाजवणं हे अलीकडचं खूळ, असं ते समजतात. इतिहास तसं सांगत नाही. त्यातला एक मोलाचा भाग तर खुद्द साताऱ्यात घडला आहे.

सुरुवात शास्त्रापासूनच करायला हवी. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्याम डफ घेऊन पुढे झाली आणि बायका नाचत तिच्यामागून निघाल्या. कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद राजा सगळ्यांदेखत नाचला. मीखलने खिडकीतून ते पाहिलं आणि मनातून त्याला तुच्छ लेखलं. नहेम्याच्या पुस्तकातला प्रसंग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. बंदिवासातून परतलेले लोक नियमशास्त्राचं वाचन ऐकून रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितलं जातं: रडू नका, आजचा दिवस पवित्र आहे, घरी जा, गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाटा पाठवा. म्हणजे पवित्र दिवशी काय करायचं, तर आनंद करायचा आणि तो शेजारच्या चुलीपर्यंत पोहोचवायचा. प्रभू येशूच्या दाखल्यातला उधळ्या पुत्र घरी येतो तेव्हाही बाप मेजवानी घालतो. थोरला भाऊ शेतावरून येताना गाण्या-नाचण्याचा आवाज ऐकतो आणि रागावून बाहेरच उभा राहतो.

मग हे सारं गेलं कुठं? त्याचा माग सोळाव्या शतकातल्या युरोपात लागतो. त्या काळी चर्चमधलं गायन लॅटिनमध्ये चाले. ते अवघड असे, शिकलेल्या गायकांपुरतं असे, आणि लोक नुसते उभे राहून ऐकत. धर्मसुधारकांना लोकांपर्यंत वचन पोहोचवायचं होतं, पण उपाय प्रत्येकाने वेगळा काढला. ल्यूथरने लोकांच्या भाषेत गीतं रचून ती लोकांच्याच तोंडी दिली. झ्युरिकच्या झ्विंग्लीने उपासनेतलं गायनच बंद केलं, आणि तो स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा चांगला जाणकार होता! जिनिव्हात कॅल्विनने स्तोत्रसंहिता ठेवली, पण ती एका सुरात, वाद्यांशिवाय गायची. हीच परंपरा इंग्लंडच्या प्युरिटन लोकांनी उचलली आणि समुद्रापलीकडे अमेरिकेत नेली. तिथल्या न्यू इंग्लंड भागातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तिथे नाताळची सरकारी सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडलं.

हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण अमेरिकन मराठी मिशन त्याच न्यू इंग्लंडच्या मुशीतून आलं होतं. १८१३ मध्ये ते मुंबईत उतरलं, १८३१ मध्ये नगरला गेलं आणि १८४९ मध्ये साताऱ्यात त्याने ठाणं केलं. साताऱ्याचं राज्य खालसा होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. ते मिशन १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेलं आणि पुढे सांगली-मिरजेकडे पसरलं. डॉ. वॉनलेस यांचं मिरजेचं रुग्णालय याच शाखेचं. या माणसांनी शाळा काढल्या, दवाखाने उभे केले, प्लेगात आणि दुष्काळात माणसं जगवली. त्यांच्या मनाचा कोरडेपणा मोजायला हे लिहीत नाही. पण उपासना म्हणजे नीट बसणं, वचन ऐकणं, पुस्तक उघडून चार कडवी गाणं, हा साचा ते आपल्या घरून घेऊन आले होते. आज आपण ज्याला ‘आपली जुनी रीत’ म्हणतो, तो मुळात त्यांच्या गावचा रिवाज होता.

त्या साच्यात मराठी गाणं बसवायला गेल्यावर खरी पंचाईत झाली. इंग्रजी गीताची चाल शब्दातल्या आघातावर चालते. एक अवयव जोरात, दुसरा हलका, अशी तिची पावलं पडतात. मराठीत आघाताला तसं महत्त्व नाही. आपले कान ऱ्हस्व-दीर्घावर आणि अक्षरांच्या मोजणीवर घडलेले. त्यामुळे इंग्रजी चालीवर बेतलेल्या भाषांतरात दीर्घ अक्षराला तोकडा सूर मिळे, ऱ्हस्व अक्षर उगाच ताणलं जाई आणि शब्द मधूनच तुटे. शिवाय गायला पुस्तक हवं, आणि पुस्तकासाठी अक्षरओळख हवी. जी बाई दळताना शंभर ओव्या पाठ म्हणे, तीच चर्चमध्ये गप्प बसू लागली.

अभंगाचं तसं नाही. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा-सहा-सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यांचं यमक. छोट्या अभंगात आठ-आठ. पुढच्याने एक ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलायची. पुस्तक लागत नाही, टाळ पुरतो, आणि चौथ्या वेळी म्हणताना ओळ पाठ झालेली असते. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं ते ओवीत, आणि तिकडच्या चर्चमधून ते गायलंही जाई. पण ती धारा घाटावर आली नाही.

घाटावर हे काम नगरच्या मंडळीतल्या मराठी माणसांनी केलं. १८६० च्या दशकात तिथे ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव त्यात आवर्जून घ्यायला हवं. कीर्तनाचं अंग लोकांच्या ओळखीचं होतं. आधी नमन, मग पूर्वरंगात विषयाचं निरूपण, आणि उत्तररंगात आख्यान. आख्यानाला उधळ्या पुत्र घेतला की तो डुकरं राखतानाची करुण चाल वेगळी आणि बाप धावत सुटतो तिथली द्रुत चाल वेगळी. मागे टाळकरी, मृदंग, आणि समोर ध्रुपद उचलून धरणारे श्रोते. ज्यांनी चर्चची पायरी कधी चढली नसती, असे लोकही चावडीसमोर बसून ऐकत.

आणि मग रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी शेकडो गीतं रचली. आजही मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून ती गायली जातात. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघडपणे म्हणत. त्यांचा ‘अभंगांजली’ हा संग्रह वाचताना ते पानोपानी पटतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनी तिथे भाऊ-बहीण म्हणून एकत्र यावं, भजन करावं, सेवा करावी, अशी ती कल्पना होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या संसारातही त्यांच्या सोबत होत्या. संन्याशाचा संसार चालवणं त्यांना किती जड गेलं असेल, याचा विचार दरबाराविषयी बोलताना क्वचितच होतो.

टिळकांचं ९ मे १९१९ रोजी मुंबईत निधन झालं आणि दरबार मागे पडला. गीतं मात्र राहिली, पण कशी? पुस्तकात, क्रमांक घालून. बाकांवर बसून, हार्मोनियमच्या संथ सुरात, तीन कडवी म्हणून पुढच्या वाचनाकडे वळायचं. अभंग पुन्हा त्याच साच्यात जाऊन बसला, ज्यातून टिळकांनी तो बाहेर काढला होता. आपल्या उपासनेच्या इतिहासातलं हे सगळ्यांत मोठं नुकसान आहे, असं मला वाटतं.

याच्या काही वर्षं आधी दुसऱ्या एका ठिकाणी आनंद बांध फोडून आला होता. जून १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवनाची, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट उठली. दुष्काळातून वाचवलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. त्या रडल्या, हसल्या, नाचल्या. अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटवर उठलेली अशीच प्रसिद्ध लाट यानंतरची, १९०६ ची. टाळ्या वाजवून केलेली आराधना परदेशातून आली असं म्हणणाऱ्यांनी केडगावच्या या बायकांची आठवण ठेवावी.

एक गोष्ट मात्र मिशनऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही. सातारा-सांगलीच्या खेड्यांतल्या पहिल्या पिढीतले अनेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. गावगाड्यात मांगाच्या वाट्याला दोर वळण्याबरोबर हलगी आणि सनई वाजवण्याचं काम होतं. लग्न दुसऱ्याचं, मिरवणूक दुसऱ्याची. वाजवणाऱ्याने मांडवाबाहेर उभं राहायचं, आणि ‘आज वाजवत नाही’ म्हणायची सोय नव्हती. अशा घरातला माणूस चर्चमध्ये आला, बाकावर इतरांच्या शेजारी बसला, हातात पुस्तक धरलं. तिथे त्याला ‘वाजव’ म्हणून हुकूम करणारं कोणी नव्हतं. त्याने हलगी दाराबाहेर ठेवली यात नवल काय? ती शांतता त्याच्यासाठी सन्मानाची होती. त्यामुळे आजी-आजोबांना ढोलकीचा आवाज चर्चमध्ये नकोसा वाटत असेल, तर त्यांना जुनाट म्हणून मोकळं होण्याआधी या जखमेची जाण हवी. तरुण संघाच्या बैठकीत हे कोणीतरी बोलायलाच हवं.

याच प्रश्नाला तमिळनाडूत वेगळं उत्तर मिळालं. तिथला पराई हाही जातीची सक्ती म्हणून वाजवला जाणारा डफ. दलित ईश्वरविज्ञान मांडणाऱ्यांनी, त्यातही मदुराईच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या थिओफिलस अप्पावू यांनी, लोकसंगीत उपासनेत आणलं. ज्या वाद्यामुळे अपमान झाला तेच आता देवासमोर, आपल्या मर्जीने, उभ्या मानेने वाजवायचं, ही त्यामागची भूमिका. आपल्याकडे हलगीच्या बाबतीत असं काही घडवायचं असेल, तर ते ज्यांच्या पूर्वजांनी ती वाजवली त्यांच्याच इच्छेने घडावं. इतरांनी शोभेसाठी हलगी आणून उभी केली, तर जुनीच गोष्ट नव्याने होईल.

कॅथलिक मंडळींचा रस्ता थोडा निराळा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतल्या मिस्साची वाट मोकळी केली आणि स्थानिक संगीतपरंपरांना मान द्यायला सांगितलं. १९६९ मध्ये भारतातल्या उपासनाविधीसाठी मान्य झालेल्या बारा मुद्द्यांत आरती, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार यांचा समावेश होता. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं आणि अनेक प्रॉटेस्टंट परंपरा एका छताखाली आल्या. उपासनाविधी नव्याने आखला गेला. गाण्याची रीत बहुतेक ठिकाणी होती तशीच राहिली.

गेल्या काही दशकांत ‘स्तुती-आराधना’ आली. कीबोर्ड, ड्रम, मोठे स्पीकर, पडद्यावर उमटणारे शब्द. यातून पुष्कळांना खरा आनंद मिळतो, तरुण पोरं टिकून राहतात, हे मी पाहतो आणि मला ते मोलाचं वाटतं. काळजी वेगळीच आहे. पुष्कळ गाणी इंग्रजी-हिंदीतून घाईने उतरवलेली असतात, तोच शब्द तुटण्याचा जुना दोष घेऊन. आणि मंचावरचे पाच जण इतक्या मोठ्याने गातात की खालचे दोनशे ऐकत उभे राहतात. सुधारकांनी सोळाव्या शतकात ज्याविरुद्ध आवाज उठवला, ती हीच तर तक्रार होती.

आपल्याकडे काय कमी आहे? मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी घडतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आषाढात माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते आणि तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. हजारो माणसांनी एका ठेक्यावर, एकही पुस्तक न उघडता गाणं म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने लहानपणापासून पाहिलेलं असतं. टिळकांनी त्यातूनच घेतलं.

म्हणून सुरुवात ‘उपासना संगीत’मधल्या टिळकांच्या अभंगांपासून करावी, असं माझं मत आहे. महिन्यातल्या एका रविवारी बाक बाजूला सारून सतरंज्या घालाव्यात. महिला मंडळातल्या ज्या बायकांना जुन्या चाली येतात त्यांना पुढे बसवावं, तरुण संघाच्या हाती टाळ द्यावेत आणि ध्रुपद लोकांनी उचलेपर्यंत पुढच्या कडव्याकडे जाऊ नये. ड्रमवाल्या मुलाला अभंगाचा ठेका शिकायला फार वेळ लागत नाही. कापणीच्या सणाला आणि नाताळात याच पद्धतीने एखादं कीर्तन लावता येईल. आख्यानाला उधळ्या पुत्र आहेच, आणि थोरल्या भावाचा भाग त्यातून गाळू नये.