समतुल्य देणगी योजना (नाशिक)

समतुल्य देणगी योजना : कर्मचाऱ्याने सामाजिक संस्थेला दिलेल्या देणगीत त्याच्या कंपनीने स्वतःची भर घालण्याची व्यवस्था. भर बहुधा तेवढ्यास तेवढी असते. काही कंपन्या निम्मी घालतात, काही दुप्पट. नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींतील कार्यालयांत याला नुसते ‘मॅचिंग’ म्हणतात. भविष्य निर्वाह निधीत कामगाराच्या वाट्याला मालकाच्या वाट्याची जोड मिळते तसाच हा हिशेब. मात्र इथे सक्ती कोणावरच नाही. कामगाराने द्यावेच असे नाही आणि कंपनीने घालावेच असा कायदाही नाही.

अशी पहिली रीतसर योजना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रतिष्ठानाने १९५४ मध्ये सुरू केली. कर्मचारी ज्या महाविद्यालयात शिकला त्याला त्याने देणगी दिली, की प्रतिष्ठानही तेवढीच रक्कम पाठवी. पुढे दवाखाने, ग्रंथालये, आपत्ती निवारण असे तिचे क्षेत्र इतर कंपन्यांनी वाढवत नेले. मायक्रोसॉफ्टची योजना १९८३ पासूनची आहे. भारतात ही पद्धत मुख्यतः बहुराष्ट्रीय आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या मार्गाने आली. पगारातून दरमहा ठरावीक रक्कम वळती करण्याच्या सोयीबरोबर ती रुजली.

नाशिकमध्ये मात्र तिचे जुने रूप वेगळे आहे, आणि ते कोणत्याही धोरणपत्रिकेत सापडत नाही. पूर, भूकंप, करोनासारखी साथ आली की युनियन आणि व्यवस्थापन एकत्र बसतात, कामगार ‘एक दिवसाचे वेतन’ देतात आणि तेवढीच रक्कम कंपनी घालते. धनादेश मुख्यमंत्री सहायता निधीकडे किंवा थेट एखाद्या गावाच्या पुनर्वसनाकडे जातो. सूचना फलकावर एक कागद लागतो, खाली सह्या होतात, काम संपते. पगारातून अशी कपात करायला प्रत्येकाची लेखी संमती लागते. सह्यांचा तो कागद म्हणूनच जपून ठेवायचा असतो, पण पुष्कळ ठिकाणी युनियनच्या ठरावालाच संमती मानून मोकळे होतात. यादीत आपल्या नावापुढची जागा कोरी दिसू नये म्हणून दिलेले वेतन कितपत ऐच्छिक म्हणायचे, हा प्रश्न कँटीनमध्ये निघतो, बैठकीत निघत नाही.

लिखित धोरण असलेल्या योजना सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर इथल्या मोठ्या कारखान्यांत आढळतात, पण त्यांचे निर्णय नाशिकमध्ये होत नाहीत. मुख्य कार्यालय मुंबई, पुणे, बंगळुरू किंवा परदेशात असते. वार्षिक कमाल मर्यादा, किमान रक्कम, पात्र संस्थांची यादी हे सारे तिकडून येते. नाशिकच्या मनुष्यबळ विभागाकडे उरते ते पोस्टर लावणे आणि आठवणीचे ई-मेल पाठवणे. कर्मचारी योजनेच्या संकेतस्थळावर, म्हणजे पोर्टलवर, संस्था निवडतो, पैसे भरतो किंवा आधी दिलेल्या देणगीची पावती चढवतो. संस्थेने रक्कम मिळाल्याचे कळवले की कंपनीचा हिस्सा बहुधा तिमाहीला एकदा, एकगठ्ठा सुटतो. कर्मचाऱ्याने वेळेत दावा न केल्यामुळे भर बुडणे, हा या योजनांचा जगभरचा रोग आहे. नाशिकचे कारखाने त्याला अपवाद नाहीत. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला कंपनीचा ई-मेल पत्ताच नसतो, तर पोर्टल कुठून उघडणार?

नवा पैसा की ठरलेलाच पैसा

भारतात या योजनेला एक वळण मिळाले आहे, ते अमेरिकेत नाही. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठते, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. हाच सर्वांच्या तोंडी असलेला ‘सीएसआर’ (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी). देणगीत घालायची भर कंपन्या अनेकदा याच रकमेतून घालतात.

समजा, एका कंपनीचा सरासरी नफा १० कोटी आहे. तिचा सीएसआर झाला २० लाख. कर्मचाऱ्यांनी वर्षभरात ३ लाख दिले आणि कंपनीने त्यात ३ लाख घातले, तर पोस्टरवर ‘तुमची देणगी दुप्पट’ असे छापले जाते. प्रत्यक्षात ते ३ लाख कंपनीला कुठे तरी खर्च करायचेच होते. आता इतरत्र १७ लाख जातील, एवढेच. समाजाकडे नव्याने आलेला पैसा कर्मचाऱ्यांचाच. यात फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही, कारण कर्मचाऱ्याला एक खरी गोष्ट मिळते : कंपनीच्या ३ लाखांना दिशा देण्याचा अधिकार. पण ‘दुप्पट’ या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे आणि तो सांगितला जात नाही.

उलट अंबडच्या एखाद्या लघुउद्योगाचा नफा ५ कोटींच्या आत असतो, त्याला सीएसआर लागू नसतो. तिथे मालकाने ‘तुम्ही पन्नास हजार जमवा, मी पन्नास घालतो’ म्हटले, तर ते पन्नास हजार खरोखरच नवे. अशा कारखान्यांत पोर्टल नसते, धोरण नसते, कुठल्या अहवालात नोंदही होत नाही. नाशिकच्या समतुल्य देणगीचा अस्सल भाग बहुधा हाच असावा.

सीएसआरच्या पैशातून भर घालायची तर त्याचे नियमही पाळावे लागतात. कामे कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मधील, म्हणजे सीएसआरला मान्य कामांच्या यादीतील, असावी लागतात. निव्वळ कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या फायद्याची चालत नाहीत, राजकीय पक्षांना दिलेली देणगी चालत नाही, आणि मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेला पैसाही सीएसआर म्हणून धरला जात नाही. म्हणजे वर सांगितलेली ‘एक दिवसाचे वेतन’वाली भर त्या निधीत गेली, तर ती कंपनीला सीएसआरबाहेरून, वेगळीच काढावी लागते. पूजाविधी परिशिष्टात नाहीत. २०२७ च्या सिंहस्थासाठी मदत करू इच्छिणाऱ्या कर्मचाऱ्याला म्हणूनच पिण्याचे पाणी, स्वच्छता, आरोग्य शिबिरे यांकडे वळवले जाते. मठाच्या नावाने भर मागितली तर पोर्टल नकार देते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार संचालक मंडळाने वर्षाचा कृती आराखडा आधी मंजूर करायचा असतो. कर्मचारी ऐनवेळी कोणती संस्था निवडेल हे आराखड्यात लिहिता येत नाही. त्यामुळे कंपन्या दहा-बारा संस्थांची यादी देतात आणि ‘यातून निवडा’ म्हणतात. कंपनीने आपल्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो, तरी यादी मुंबईत बनली की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची संस्था तिच्यात क्वचितच दिसते.

कागदपत्रे

यादीत न दिसण्याचे कारण बहुतेक वेळा काम नव्हे, कागद असतो. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर सार्वजनिक न्यासाकडे प्राप्तिकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही नोंदणी हवी, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा. शिवाय नाशिकच्या सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज आणि हिशेबपत्रके वेळच्या वेळी दाखल झालेली हवीत. विश्वस्त वारला, नवा नेमला, पण बदल अर्ज पाच वर्षे तसाच पडला, हे चित्र जुन्या न्यासांत नेहमीचे. आश्रमशाळेसाठी वह्या-दप्तरे जमवणाऱ्या गावच्या मंडळाकडे यातले काहीच नसते. त्याला कर्मचारी खिशातून देतो. कंपनीची भर मिळत नाही.

करसवलतीचा हिशेब लोकांना वाटतो त्याहून बारीक आहे. कर्मचाऱ्याला सवलत मिळते ती फक्त त्याच्या स्वतःच्या रकमेवर. कंपनीच्या भरीची पावती कंपनीच्या नावाने निघते. दरमहा ५०० प्रमाणे वर्षाला ६,००० रुपये दिले आणि कंपनीने ६,००० घातले, तर संस्थेला मिळतात १२,०००, पोर्टलचे शुल्क असल्यास ते वजा जाता. जुन्या करप्रणालीत बहुतेक संस्थांच्या देणगीवर निम्मी वजावट असते, म्हणजे ३,००० रुपये उत्पन्नातून कमी. २० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाचा कर उपकरासह ६२४ रुपयांनी वाचतो. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही, आणि २०२३-२४ पासून काही न सांगितल्यास नवी प्रणालीच लागू होते. २,००० रुपयांवरील रोख देणगीला जुन्या प्रणालीतही सवलत नाही. कंपनीच्या सीएसआर खर्चाला तर व्यवसायखर्च म्हणून वजावट मिळतच नाही. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले, पण ‘ऐंशी जीची पावती द्या’ हे बोलणे काही बदललेले नाही.

घोटाळा होतो तो पावतीत. २०२१-२२ पासून संस्थेने प्रत्येक देणगीदाराची नोंद पॅन किंवा आधार क्रमांकासह १०बीडी या विवरणात करायची आणि त्याला १०बीई प्रमाणपत्र द्यायचे, अशी पद्धत आली. कारखान्याने दीडशे कामगारांची कपात आणि स्वतःची भर एकाच धनादेशात पाठवली, सोबत नावनिशी यादी दिली नाही, तर सगळी रक्कम कंपनीच्या नावाने चढते. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना कामगार प्रमाणपत्र मागायला येतो, तेव्हा लेखा विभाग संस्थेकडे बोट दाखवतो आणि संस्था लेखा विभागाकडे. जाणते लेखापाल म्हणून दोन वेगळे धनादेश काढतात आणि नाव, पॅन, रक्कम असा तक्ता त्याच दिवशी संस्थेला पाठवतात.

कोण बाहेर राहते

योजना जवळपास सगळीकडे कायम कर्मचाऱ्यांपुरती असते. नाशिकच्या कारखान्यांत एकाच लाइनवर कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार शेजारी शेजारी उभे असतात. एक दिवसाच्या वेतनाला तिघेही हातभार लावतात, पण भर मोजताना कंत्राटदाराच्या हजेरीपटावरची माणसे बहुधा धरली जात नाहीत. श्रमदानाचेही तसेच. काही परदेशी कंपन्या स्वयंसेवेच्या तासांवर संस्थेला पैसे देतात, मात्र भारतात कर्मचाऱ्यांच्या श्रमाचे मोल लावून ते सीएसआर खर्चात दाखवता येत नाही.

भरीचे प्रमाण वाढवले की देणारे वाढतात, हा समजही तपासला गेला आहे. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सुमारे ५० हजार जुन्या देणगीदारांना पत्रे पाठवून प्रयोग केला. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. भर मिळेल असे सांगितल्यावर देणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांनी आणि प्रत्येक पत्रामागे मिळालेली रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. पण एकास एक, एकास दोन किंवा एकास तीन भर यांत फरक पडला नाही. प्रयोग पत्राने मागितलेल्या देणगीचा होता, पगारकपातीचा नव्हे. तरीही मर्यादा ताणून दुप्पट भर देण्याऐवजी एकास एक भर जास्त माणसांपर्यंत, कंत्राटी कामगारांपर्यंतही नेणे शहाणपणाचे, असे त्यावरून म्हणता येते.

परदेशात नोकरी करणाऱ्या नाशिककरांची भर हा वेगळाच प्रकार. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. तीच व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली की ठरते. तिच्या अमेरिकी कंपनीची भर तर नेहमीच परकीय. ती घ्यायला परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० खालील नोंदणी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते. तिकडच्या योजना अनेकदा अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेलाच देणगी मान्य करतात, म्हणून १९७८ मध्ये तिथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांचा मार्ग धरला जातो. पैसा भारतात येताना नियम तोच. पूर्वी शहरातील मोठी नोंदणीकृत संस्था असा पैसा घेऊन त्यातला वाटा पाड्यावरच्या छोट्या संस्थेला देऊ शकत असे. २०२० च्या दुरुस्तीने ते हस्तांतर बंद केले. आता मोठ्या संस्थेला तिथले काम स्वतःच्या नावावर, स्वतःच्या माणसांकरवी करावे लागते.