डीबगएफएसमधल्या तपासण्या का गेल्या

सी भाषेत एक्सेप्शन, म्हणजे चूक झाली की आपोआप वर कळवणारी सोय, नाही. फंक्शन फसलं की नाही, हे त्याच्या रिटर्न व्हॅल्यूवरूनच, म्हणजे ते परत देतं त्या किमतीवरूनच कळतं. त्यामुळे प्रत्येक कॉलनंतर ती तपासायची, हा संस्कार लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, काम करणाऱ्याच्या अंगात मुरलेला असतो. 2004च्या अखेरीस कर्नलचे एक प्रमुख डेव्हलपर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी डीबगएफएस आणलं, तेव्हा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कर्नलमधला कोड) लिहिणाऱ्यांनी तोच संस्कार तिथेही नेला.

डीबगएफएस म्हणजे डेव्हलपरला चालू कर्नलच्या आत डोकावता यावं यासाठीची फाइल सिस्टीम. सिसएफएस या कर्नलच्याच दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये एका फाइलला एकच किंमत असा दंडक, इथे तसा कुठलाच नियम नाही. या फाइल्सवर उपकरणाचं काम अवलंबून नसतं. तरीही कित्येक ड्रायव्हरांत, डिरेक्टरी बनली नाही तर एरर देऊन बाहेर पडा, असा कोड होता. डीबगएफएस वगळून कर्नल बिल्ड केला की त्यात फाइल्स आणि डिरेक्टरी बनवणारी फंक्शनं ‘असं डिव्हाइस नाही’ हा एरर देतात. मग हार्डवेअर धडधाकट असूनही असा ड्रायव्हर लोड होत नसे. वापरणाऱ्यावर हा सरळ अन्याय होता.

जुन्या कोडला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही. मेमरी कमी पडली की ही फंक्शनं पूर्वी नल, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा रिकामा पॉइंटर, परत देत. आणि पालक डिरेक्टरी (जिच्यात फाइल ठेवायची ती) म्हणून नल दिला, तर त्याचा अर्थ ‘फाइल मुळाशी, सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत बनव’ असा होतो. म्हणजे डिरेक्टरी फसली की तिच्यातली फाइल थेट डीबगएफएसच्या मुळाशी जाऊन बसणार, आणि ड्रायव्हर निघून गेला तरी तिथेच राहणार, कारण नल डिरेक्टरी पुसता येत नाही. क्रोआ-हार्टमन यांच्या मते ही शक्यता निव्वळ कागदावरची होती. तरी 2019च्या सुरुवातीला त्यांनी ती फट बुजवली. आता नलऐवजी एरर पॉइंटर, म्हणजे एररचा आकडा सांगणारा पॉइंटर येतो, आणि तोच पालक म्हणून पुढे दिला तर पुढचं फंक्शन काही न बनवता तो एरर तसाच परत करतं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो: इंटरफेस आधी भक्कम केला, म्हणून तपासण्या निर्धास्तपणे काढता आल्या. मेमरी मागणाऱ्या केमॅलॉकसारख्या फंक्शनला ही सूट नाही. तिथे तपासणी हवीच.

त्या वर्षी ड्रायव्हरामागून ड्रायव्हरातून या तपासण्यांच्या ओळी काढणारे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, आले. पुढे आकड्यांच्या फाइल्स बनवणाऱ्या बऱ्याच फंक्शनांचा रिटर्न टाइपच व्हॉइड (काहीच परत न देणारा) केला गेला, म्हणजे तपासायला काही उरलंच नाही. डिरेक्टरी बनवणारं फंक्शन मात्र आजही पॉइंटर देतं, कारण पुढच्या फाइल्सना पालक लागतो.